झाड वाढतें तें कोठें?

शहरांतील एखाद्या जुन्या रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कडुनिंबाच्या बुंध्यावर कोणीं तरी दुकानाची पाटी ठोकलेली असते. पाटी ठोकली तेव्हां ती माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर होती. त्यानंतर वीस वर्षें लोटलीं. कडुनिंब वाढून शेजारच्या दुमजली घराच्या छपरावर गेला. दुकानाचा मालक बदलला, पुढें दुकानहि बदललें. पाटी मात्र राहिली. आतां प्रश्न असा कीं, ही पाटी आज जमिनीपासून किती उंचीवर असेल?

हा प्रश्न दहा सुशिक्षित माणसांना विचारला, तर त्यांपैकीं निदान चार-पांचजण क्षणभर विचार करून म्हणतील, "गेली असेल आठ-दहा फूट वर." या उत्तरांत वावगें असें कांहीं दिसत नाहीं. मूल वाढतें तसा त्याच्या खांद्यावरील तीळहि जमिनीपासून उंच जातो; मग झाड वाढल्यावर त्याच्यावरील पाटी उंच कां जाऊं नये? परंतु प्रत्यक्ष पाहिलें असतां पाटी जेथें होती तेथेंच आढळते. ती बोटभरहि वर गेलेली नसते. झालेलें असतें तें निराळेंच: खिळ्यांचीं डोकीं दिसेनाशीं झालेलीं असतात, आणि पाटीच्या कडा सालीनें गिळून टाकलेल्या असतात. झाड उंच झालें, पण पाटी उंच गेली नाहीं. झाड जाड झालें, आणि पाटी मात्र आंत गेली. या दोन साध्या गोष्टींचा उलगडा ज्याला झाला, त्याला वनस्पतीच्या शरीररचनेचें निम्मेंअधिक रहस्य कळलें असें म्हणण्यास हरकत नाहीं.

वनस्पतीचें शरीर लहान लहान कप्प्यांचें बनलेलें आहे, ही गोष्ट मनुष्याच्या लक्षांत येऊन साडेतीनशेंहून अधिक वर्षें झालीं. १६६५ सालीं रॉबर्ट हूक या इंग्रज संशोधकानें आपल्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथांत बुचाच्या पातळ कापाचें, सूक्ष्मदर्शकांतून दिसलेलें, चित्र प्रसिद्ध केलें. मधमाशांच्या पोळ्यासारख्या दिसणाऱ्या त्या कप्प्यांना त्यानें 'सेल', म्हणजे कोठडी, असें नांव दिलें. मराठींत त्यालाच पेशी म्हणतात. बुचांतील त्या कोठड्या अर्थात् रिकाम्या होत्या. आंतील जीवद्रव्य केव्हांच नाहींसें झालें होतें, आणि उरल्या होत्या त्या केवळ भिंती. पुढें थोड्याच वर्षांत इटलींतील मार्चेल्लो माल्पीगी व इंग्लंडांतील नेहेमाया ग्रू या दोघां वैद्यांनीं मुळें, खोडें, पानें व फळें कापून त्यांची आंतील रचना बारकाईनें तपासली. ग्रूचा मोठा ग्रंथ १६८२ सालीं बाहेर पडला. त्याला वनस्पतीच्या अंतरंगांतील ही रचना बारीक विणलेल्या जाळीदार लेशीसारखी भासली. विणकामाची ही कल्पना पुढें शास्त्रांत रुजली. समान उत्पत्तीच्या आणि एकच कामगिरी मिळून करणाऱ्या पेशींच्या समूहास मराठींत जो ऊति हा शब्द योजतात, त्या संस्कृत शब्दाचाहि एक अर्थ विणणें असाच आहे. १८३८ सालीं श्लायडेन या जर्मन शास्त्रज्ञानें सर्व वनस्पति पेशींच्याच बनलेल्या असतात असा सिद्धान्त मांडला. आणि १८५८ सालीं कार्ल नेगेली या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञानें सतत विभागणाऱ्या ऊति व वाढ पुरी झालेल्या ऊति असा स्पष्ट भेद दाखवून दिला. पहिलीस विभाजी ऊति व दुसरीस स्थायी ऊति म्हणतात. पाटीच्या प्रश्नाचें उत्तर या भेदांत आहे.

मनुष्य किंवा जनावर वाढतें तें सर्वांगानें वाढतें, आणि ठराविक वय झालें कीं त्याची उंची खुंटते. झाडाची तऱ्हा याहून अगदीं भिन्न आहे. तें मरेपर्यंत वाढूं शकतें. परंतु त्याची वाढ सर्वांगानें होत नाहीं. ती ठराविक ठिकाणींच होते, आणि त्या ठिकाणीं विभाजी ऊति असते.

आषाढांत परसांत टाकलेल्या आंब्याच्या कोयीला कोंब फुटतो. मुलें ती कोय उकरून काढतात, दगडावर घासतात आणि तिची पुंगी करून वाजवितात. जी कोय त्यांच्या हातून सुटते तिचें रोप होतें. तिच्यांतून प्रथम मूळ बाहेर पडून खालीं जातें आणि मागाहून तांबूस पानांचा कोंवळा शेंडा वर येतो. मुळाच्या अगदीं टोंकाशीं व शेंड्याच्या अगदीं अग्राशीं, मिलिमीटरच्या लहानशा अंशाएवढ्या जागेंत, पातळ भिंतींच्या, जीवद्रव्यानें गच्च भरलेल्या पेशी एकसारख्या विभागत असतात. एकीच्या दोन, दोहोंच्या चार असा हा क्रम चालू राहतो. मुळाच्या टोंकावर मातींत घुसतांना इजा होऊं नये म्हणून पेशींचीच एक टोपी असते. शिंप्याच्या अंगुस्तानाप्रमाणें ती आंतील नाजूक भागाचें रक्षण करते. तिच्या बाहेरच्या पेशी झिजून गळतात आणि आंतून नव्या भरतात. शेंड्यावर असे रक्षण कोंवळीं पानें करतात. तीं एकमेकांवर मिटून आंतील अंकुर झांकून घेतात.

अग्रावर नव्या पेशी तयार झाल्या कीं, जुन्या पेशी मागें राहतात, आणि अग्र पुढें सरकतें. गवंडी भिंत बांधतांना वर वर थर चढवितो. खालचा थर जेथें आहे तेथेंच राहतो. झाडाची उंची अशीच वाढते. ज्या उंचीवर पाटी ठोकली गेली, तेथील खोडाची लांबी वाढण्याचें काम कितीतरी वर्षांपूर्वीं संपलेलें होतें. म्हणूनच ती पाटी वर गेली नाहीं.

गवताच्या कुळानें यांत एक निराळी सोय करून घेतली आहे. त्याची विभाजी ऊति पानाच्या तळाशीं व खोडाच्या पेरांच्या सांध्यालगतहि असते. गुरांनीं गवताचे शेंडे खाल्ले, अथवा माळ्यानें हिरवळ कापली, तरी चार दिवसांत पातीं पुन्हां वर येतात, तीं या तळाच्या ऊतीमुळें. बांबूचा कोंब जमिनींतून वर येतो तो पुढें व्हावयाच्या वेळूएवढाच जाड असतो, आणि त्याचीं अनेक पेरें एकाच वेळीं लांब होत असतात; त्यामुळें कांहीं जातींचा बांबू एका दिवसांत ९० सेंटिमीटरपर्यंत वाढलेला आढळतो. वादळानें आडवा झालेला ऊंस कांहीं दिवसांनीं शेंड्याकडून पुन्हां ताठ उभा राहूं लागतो, त्याचेंहि कारण हेंच. पेराच्या सांध्याजवळची खालची बाजू अधिक वाढते आणि कांडें वर वळतें.

विभाजी ऊतींतून बाहेर पडलेली नवी पेशी ही जन्मतः कोणत्याहि एका धंद्याची नसते. प्रथम ती पाणी शोषून फुगते व लांब होते. तिच्यांत मोठी पोकळी तयार होते आणि भिंत ताणली जाते. नंतर तिला जें काम करावयाचें असेल त्याप्रमाणें तिचा आकार, तिची भिंत व आंतील द्रव्यें बदलतात. हें काम कोणतें असावें तें मुख्यतः पेशीच्या कुळावरून ठरत नाहीं, तर ती जेथें येऊन पडली त्या जागेवरून व शेजाऱ्यांकडून येणाऱ्या रासायनिक संदेशांवरून ठरतें. अशा संदेशद्रव्यांचा शोध चार्ल्स डार्विन व त्याचा पुत्र फ्रान्सिस यांच्या १८८० सालच्या प्रयोगांपासून सुरू झाला. रोपाच्या टोंकावर उजेड पडला असतां वांकतो तो टोंकाखालचा भाग, असें त्यांना आढळलें. म्हणजे टोंकाकडून खालीं कांहीं तरी निरोप जात असला पाहिजे. १९२८ सालीं फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञानें हा निरोप नेणारें द्रव्य टोंकांतून वेगळें करून दाखविलें. त्यास ऑक्झिन म्हणतात. हेंच द्रव्य शेंड्याकडून खालीं येत असतां बाजूच्या डोळ्यांना फुटूं देत नाहीं. घरोघर तुळशीचे शेंडे व मंजिऱ्या खुडण्याची जी चाल आहे, तिनें तुळस डेरेदार होते ती त्यामुळेंच. शेंडा गेला कीं बाजूच्या डोळ्यांवरील दाब नाहींसा होतो.

स्थायी ऊतींचे प्रकार पुष्कळ आहेत. त्यांतील मुख्य मुख्य तेवढे स्वयंपाकघरांत व अंगणांत सहज पाहावयास मिळतात.

पहिली ऊति आवरणाची. कांद्याच्या पाकळीच्या आंतील बाजूची पारदर्शक पातळ साल हें तिचें नित्याचें उदाहरण होय. पानावर ती एकमेकींस घट्ट चिकटलेल्या पेशींची फरशी असते, आणि तिच्यावर मेणासारख्या द्रव्याचा लेप असतो. या लेपामुळें आंतील पाणी वाळून जात नाहीं. परंतु घर सर्व बाजूंनीं बंद केलें तर हवा कोठून येणार? म्हणून या फरशींत सूक्ष्म झरोके असतात. त्यांना पर्णरंध्रें म्हणतात. प्रत्येक झरोक्याला दोन पेशींची झडप असते. त्या पाण्यानें फुगल्या कीं झरोका उघडतो, आणि सैल पडल्या कीं मिटतो. पुष्कळशा पानांच्या खालच्या बाजूस एका चौरस मिलिमीटरांत अशीं शंभर ते तीनशें रंध्रें असतात. कमळाचें पान पाण्याच्या पृष्ठभागाशीं असतें, म्हणून त्याचीं रंध्रें वरच्या बाजूस असतात. मुळाच्या आवरणांतील पेशींचें काम याच्या उलट आहे. पाणी जाऊं न देणें हें तेथें प्रयोजन नसून पाणी घेणें हें आहे. म्हणून तेथें मेणाचा लेप नसतो, आणि पेशींना बारीक केस फुटलेले असतात.

आवरणाच्या आंत जी मऊ भर असते ती मूल ऊति. बटाट्याचा गर, केळ्याचा गर, आंब्याचा गर ही सर्व प्रायः हीच ऊति होय. बटाट्यांत ती पिठाचें कोठार असते, पानांत तिच्याच पेशी हरितद्रव्य धारण करून सूर्यप्रकाशांत साखर तयार करतात, आणि कमळाच्या देठांत तिच्याच पेशींमध्यें लांब पोकळ मार्ग राहून चिखलांतील कंदापर्यंत हवा पोंचते. कमळाचा देठ आडवा कापला असतां हीं छिद्रें नुसत्या डोळ्यांनीं दिसतात.

कोंवळ्या खोडाला वाऱ्यांत वांकतां आलें पाहिजे आणि तरीहि मोडतां कामा नये. यासाठीं कोपऱ्याकोपऱ्यांशीं जाड भिंतींच्या जिवंत पेशींची एक ऊति असते. तिला स्थूलकोन ऊति म्हणतात. तुळशीची कोंवळी फांदी दोन बोटांत धरून फिरविली, तर ती गोल नसून चौकोनी आहे असें जाणवतें. त्या चार कोपऱ्यांत या ऊतीचे चार खांब आहेत.

जेथें वांकण्यापेक्षां टिकण्याचें महत्त्व अधिक, तेथें दृढ ऊति येते. हिच्या पेशी आपली भिंत आंतून जाड करीत जातात, तींत लिग्निन नांवाचें कठीण द्रव्य भरतात, आणि काम पुरें होतांच बहुधा मरून जातात. तागाचा दोर, अंबाडीचा वाख, नारळाचा काथ्या हे सर्व या मृत पेशींचे तंतु होत. नारळाची करवंटी याच ऊतीच्या आंखूड, दगडासारख्या पेशींची बनलेली असते. पेरू खातांना दांतांखालीं जे बारीक कण लागतात, तेहि अशा दगडी पेशींचेच पुंजके असतात. मनुष्यानें ज्याच्या दोरांनीं होड्या बांधल्या, पोतीं विणलीं आणि पाळणे टांगले, तें सामर्थ्य अशा रीतीनें मरून गेलेल्या पेशींनीं मागें ठेविलेलें असतें.

राहिल्या दोन वाहक ऊति: जलवाहिनी व रसवाहिनी. या दोहोंचें स्वरूप व कार्य नीट समजल्यावांचून झाडाचें जगणें व मरणें समजत नाहीं.

जलवाहिनी मुळांकडून पाणी व त्यांत विरघळलेले क्षार वर नेते. तिच्या नळ्याहि मृत पेशींच्याच असतात. उभ्या रांगेंतील पेशी मरतात, त्यांच्यामधील आडव्या भिंती विरून जातात, आणि सलग नळी उरते. पाण्याचा शोषक पंप दहा मीटरांहून अधिक उंच पाणी ओढूं शकत नाहीं. मग कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील रेडवुड वृक्षांच्या, ११५ मीटरपर्यंत उंच गेलेल्या, शेंड्यास पाणी कसें पोंचतें? डिक्सन व जोली या आयर्लंडांतील दोघां शास्त्रज्ञांनीं १८९४ सालीं याचें उत्तर मांडलें. पानांतून पाण्याची वाफ होऊन बाहेर जाते. पाण्याचे कण एकमेकांस घट्ट धरून असल्यामुळें, वरचा कण गेला कीं तो आपल्या मागच्यास ओढतो, आणि अशी मुळापर्यंत अखंड सांखळी ओढली जाते. सूर्याची उष्णता ही या रहाटाची बैलजोडी होय. भर उन्हाळ्यांतील एखादा मोठा वृक्ष या रीतीनें दिवसांत शेंकडों लिटर पाणी वर चढवितो, आणि त्यासाठीं त्या नळ्यांतील एकाहि पेशीला जिवंत असावें लागत नाहीं.

रसवाहिनीचें तसें नाहीं. पानांत तयार झालेली साखर मुळें, शेंडे, फुलें व फळें यांच्याकडे पोंचविणें हें तिचें काम असून तिच्या पेशी जिवंत असाव्या लागतात. त्यांच्या आडव्या भिंतींना चाळणीसारखीं छिद्रें असतात. रसाला वाट मोकळी राहावी म्हणून या पेशी आपलें केंद्रकहि टाकून देतात, आणि प्रत्येकीस शेजारची एक सोबतीण पेशी सांभाळते. पानाजवळ साखर भरली कीं पाणी तिच्यामागें आंत येतें आणि दाब वाढतो. मुळाशीं साखर काढून घेतली जाते आणि दाब उतरतो. या फरकानें रस वाहतो. १९३० सालीं एर्न्स्ट म्यून्श या जर्मन शास्त्रज्ञानें सविस्तर मांडलेली ही उपपत्ति आज सामान्यतः मान्य आहे. ही ऊति सालीच्या आंतल्या थरांत, लांकडाला लागून असते, हें येथें विशेष ध्यानांत ठेवावयाचें.

आतां पाटी आंत कां गेली याचा विचार. आंब्यासारख्या झाडांत जलवाहिनी व रसवाहिनी या दोहोंच्या मध्यें, सालीखालीं, सर्व खोडाभोंवतीं, थोड्याशाच पेशींच्या जाडीचा एक ओलसर थर असतो. त्यास ऊतिकर म्हणतात. ही विभाजी ऊतिच होय. मात्र ती टोंकाला नसून अंगाभोंवतीं असते. ती आंतल्या बाजूस नवें लांकूड व बाहेरच्या बाजूस नवी रसवाहिनी तयार करीत राहते. आंतून लांकडाचा थर चढला कीं साल बाहेर रेटली जाते. जी वस्तु सालीस चिकटलेली असेल, ती अर्थात् या वाढीखालीं गाडली जाते. ऋतुमानाप्रमाणें ऊतिकराचा वेग कमी-अधिक होतो, त्यामुळें सागासारख्या झाडांच्या लांकडांत वर्षावर्षाचीं वलयें उमटतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंतील संशोधकांनीं सागाच्या अशा वलयांवरून मागील शतकांतील पावसाचा माग काढला आहे.

साल बाहेर रेटली गेल्यानें फाटते. मग तिच्यांत आणखी एक विभाजी थर तयार होऊन बुचाच्या पेशी निर्माण करतो. हूकनें पाहिलें तें हेंच बूच. पोर्तुगालांतील बुचाच्या ओक वृक्षांवरून दर नऊ वर्षांनीं हें बूच सोलून काढतात, आणि तरीहि तो वृक्ष जगतो. कारण कुशल कामगाराची कुऱ्हाड बुचापुरतीच जाते, खालची रसवाहिनी व ऊतिकर यांना धक्का लागूं दिला जात नाहीं.

नारळ, पोफळी व ताड यांना असा ऊतिकर नसतो. त्यांच्या वाहिन्या खोडभर विखुरलेल्या असतात. चढण्यासाठीं नारळाच्या खोडास खांचा घातल्या तरी तो मरत नाहीं. परंतु त्या खांचा जन्मांत कधीं भरूनहि येत नाहींत. त्याचें सर्व आयुष्य शेंड्यावरील एकाच कोंबावर अवलंबून असतें. गेंड्या भुंग्यानें तो कोंब पोंखरून नष्ट केला, तर डोळे फुटावयास दुसरी जागाच नसल्यामुळें उभा माड मरतो. कोंकणांतील माणूस माडाच्या शेंड्यास इतका जपतो, त्याचें कारण शास्त्राच्या पुस्तकावांचूनहि त्याला ठाऊक असतें.

माल्पीगीनें सतराव्या शतकांत एक साधा प्रयोग केला. त्यानें झाडाच्या खोडावरील साल एका पट्ट्याइतकी, सर्व बाजूंनीं, वलयाकार काढली. आंतील लांकूड शाबूत होतें. पानें लगेच सुकलीं नाहींत. मात्र कांहीं दिवसांनीं पट्ट्याच्या वरच्या बाजूची साल फुगून आली. वरून येणारा पोषक रस तेथें अडला होता. आज या घटनेचा अर्थ पूर्ण कळतो. लांकडांतील जलवाहिनी चालू असते म्हणून पानें हिरवीं राहतात. सालींतील रसवाहिनी तुटली म्हणून मुळांना अन्न मिळत नाहीं. मुळें आपल्या सांठ्यावर कांहीं महिने, क्वचित् एखाद-दुसरें वर्ष, दिवस काढतात; सांठा संपला कीं तीं मरतात, आणि मग वरचें झाड वाळतें. झाड पाण्यावांचून मेलें असें लोकांस वाटतें. वस्तुतः तें मुळांच्या उपासमारीनें मेलेलें असतें, आणि त्या उपासमारीस फार पूर्वीं प्रारंभ झालेला असतो.

शहरांतील झाडांच्या बाबतींत ही गोष्ट केवळ प्रयोगशाळेंतील राहत नाहीं. एखाद्या फलकाआड येणाऱ्या झाडाची साल रातोरात सोलली जाते. हें कृत्य जाणूनबुजून केलेलें असतें आणि त्याविषयीं येथें अधिक सांगण्याचें कारण नाहीं. परंतु त्याहून कितीतरी अधिक झाडें भल्या माणसांच्या हातून, नकळत, त्याच रीतीनें मरतात. कपडे वाळत घालण्यासाठीं बुंध्याला तार बांधलेली असते. सणाच्या दिव्यांची माळ गुंडाळलेली तशीच राहते. रोप लहान असतांना घातलेला लोखंडी पिंजरा दहा वर्षांनींहि काढलेला नसतो. तार ताणत नाहीं, आणि ऊतिकर थांबत नाहीं. दरवर्षीं लांकडाचा एक थर चढतो आणि साल तारेवर दाबली जाते. शेवटीं रसवाहिनी चिरडून बंद पडते. माल्पीगीनें चाकूनें एका दिवसांत जें केलें, तेंच तार दहा वर्षांत करते. बुंध्याला भिडवून ओतलेलें सिमेंट आणखी एका रीतीनें घात करतें: मुळांतील पेशी जिवंत असून त्यांना श्वासोच्छ्वासासाठीं हवा लागते, ती मातींतून मिळावयाची, आणि मातीवर झांकण बसलेलें असतें. महाराष्ट्रांतील शहरांत झाड तोडावयाचें तर परवानगी घ्यावी लागते. १९७५ पासून त्यासंबंधीं कायदा आहे. बुंध्याला तार बांधतांना मात्र कोणाच्याहि मनांत झाडाचा विचार येत नाहीं.

झाडाच्या जखमेसंबंधींहि एक गैरसमज आढळतो. मनुष्याची जखम भरून येते, म्हणजे त्या जागीं नवी ऊति तयार होते. झाडाची मेलेली ऊति पुन्हां जिवंत होत नाहीं. कडेचा ऊतिकर नव्या पेशींचा कांठ तयार करून तो हळूहळू जखमेवर ओढून घेतो, आणि जुना भाग आंत कायमचा बंद करून टाकतो. म्हणूनच साल एका बाजूनें गेली तर झाड वांचूं शकतें; सर्व बाजूंनीं गेली तर ओढून घ्यावयास कांठ जवळ उरत नाहीं. पट्टा अरुंद असेल व वेळीं ध्यानांत येईल, तर जाणता माळी त्याच झाडाच्या कोंवळ्या फांद्या पट्ट्याच्या वर व खालीं सालींत बसवून पुलासारखें कलम करतो, आणि रसाला नवी वाट मिळवून देतो.

कलमाची सारी विद्या ऊतिकरावरच उभी आहे. हापूसच्या कोयीपासून हापूसच होईल असा भरंवसा नसतो, म्हणून कोंकणांत पंधरा दिवसांच्या कोंवळ्या रोपाचा शेंडा कापून, त्याच्या चिरेंत हापूसची काडी पाचरीसारखी बसवून, पट्टीनें घट्ट बांधतात. यास कोय कलम म्हणतात. काडीचा ऊतिकर व रोपाचा ऊतिकर एकमेकांस टेकले, तर दोहोंतील पेशी विभागून एकजीव होतात आणि वाहिन्या जुळतात. ते टेकले नाहींत, तर बांधणी कितीहि घट्ट असली तरी काडी वाळून जाते.

पूर्ण वाढलेल्या पेशीच्या ठिकाणींहि संपूर्ण झाड होण्याची शक्ति शिल्लक असावी, असें हाबरलांट या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानें १९०२ सालीं लिहून ठेविलें. त्याच्या हातून तें सिद्ध झालें नाहीं. १९५८ सालीं अमेरिकेंत स्ट्युअर्ड यानें गाजराच्या रसवाहिनीच्या ऊतींतील पेशी वाढवून त्यांपासून गाजराचीं सबंध रोपें तयार केलीं. १९६४ सालीं दिल्ली विद्यापीठांत शिप्रा गुहा व सतीशचंद्र महेश्वरी यांनीं धोतऱ्याच्या परागकोशांतून भ्रूण वाढविले. १९९० सालीं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतून बातमी आली कीं, जो बांबू एरवीं दशकानुदशकें फुलत नाहीं, तो कांचेच्या नळींत ऊतिसंवर्धनानें वाढविला असतां थोड्याच महिन्यांत फुलला. आज खानदेशांत केळीच्या बागा लावणारे शेतकरी जीं ऊतिसंवर्धित रोपें आणतात, तीं केळीच्या कोंबाच्या अग्रांतील त्याच चिमुकल्या विभाजी ऊतीपासून तयार केलेलीं असतात.

तात्पर्य, झाडाचा बहुतेक सर्व डोलारा हा काम संपवून मेलेल्या पेशींचा असतो. जिवंत वाढ राहते ती शेंड्यांच्या व मुळांच्या अग्रांत आणि सालीखालच्या एका पातळ थरांत. दहा माणसांच्या कवेंत न मावणाऱ्या वडाचें आयुष्यहि सालीखालच्या या थरावर अवलंबून असतें. तो थर उघड्यावर नसल्यामुळें त्याची आठवण कोणास राहत नाहीं, इतकेंच.

म्हणून ज्यांच्या दारांत झाड असेल त्यांनीं एखाद्या सकाळीं त्याच्या बुंध्याभोंवतीं एक फेरी घालावी. तार रुतलेली दिसली, तर ती ओढून काढूं नये, कारण तिच्याबरोबर सालहि सुटून येते. दोन-तीन ठिकाणीं कापावी आणि सुटतील तेवढे तुकडे काढून बाकीचे तसेच राहूं द्यावे. पिंजरा घट्ट होऊं लागला असेल तर तो सोडवावा. सिमेंट बुंध्यापर्यंत आलें असेल तर भोंवतीं हात-दोन हात माती मोकळी करावी. या कामाला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाहीं. पाटी खोडांत गेलेलीच असेल तर ती तेथेंच राहूं द्यावी. कडुनिंबानें तिचा बंदोबस्त आपल्या परीनें केलेला आहे.